उबेचं कपाट

त्या दुपारी मी फक्त पाणी भरायला गेलो होतो. पेशी ज्या यंत्रात वाढवतात त्याला आम्ही उबेचं कपाट म्हणतो. त्याच्या तळाशी पाण्याचा एक ट्रे असतो. तो आटला तर आतली हवा कोरडी पडते आणि डिशमधल्या पेशी मरतात. तो आटू द्यायचा नाही, हे माझं काम. शिवाय काचसामान धुणं, स्पिरिटने टेबलं पुसणं, गॅसचे सिलिंडर बदलणं. आईच्या आजारपणात माझी शाळा सुटली ती सुटलीच, आणि पुढे याच इमारतीत मला चिकटवून घेतलं. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून इथले लोक मला ‘मौनी’ म्हणतात. पेशींच्या खोलीत बोलावं लागत नाही, त्यामुळे मला ती आवडायची.

त्या खोलीला खिडकी नाही, फक्त बाहेरच्या खोलीकडे एक जाड काच. पेशींना उजेड सोसत नाही म्हणून दिवाही मंद. बाहेर रणरणती दुपार असो, आत कायम तिन्हीसांज. ओलसर ऊब, स्पिरिटचा वास, आणि त्याच्याखाली किंचित गोडसर असा आणखी एक वास, जो कशाचा ते मला कधीच कळलं नाही. आणि टकटक.

टकटक ही आमच्या मॅडमची करामत. हृदयाच्या पेशी डिशमध्ये वाढवल्या तरी आपल्या आपण धडधडत राहतात. मॅडमचे हात आणि डोळे सतत कामात अडकलेले, म्हणून त्यांनी प्रत्येक डिशला एक तार आणि छोटासा स्पीकर जोडला. दर ठोक्याला एक टक. तेव्हापासून पाठीमागे सगळे त्यांना घड्याळबाई म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे, आणि मनातून आवडतं, असा माझा संशय आहे.

खोलीत दोन कपाटं होती. डावीकडच्या कपाटात माझी ताई. उजवीकडच्यात आई.

आईला जाऊन बरीच वर्षं झाली. तिचं हृदय हळूहळू फुगत आणि सैल पडत गेलं. वॉर्डात असताना तिने आपलं थोडं रक्त संशोधनासाठी दिलं होतं. ते गोठवून ठेवलेलं होतं. घड्याळबाईंनी त्या रक्तातल्या पेशी मागे नेल्या, अगदी जन्माआधी असतात तितक्या कोवळ्या केल्या, आणि तिथून त्यांच्या हृदयाच्या पेशी घडवल्या. हे त्यांनीच मला समजावलं, दोनदा, न चिडता. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मी हातातली बादली घेऊन तसाच उभा राहिलो होतो. लहानपणी आईच्या छातीवर डोकं ठेवून झोपायचो, तेव्हाचाच तो आवाज.

ताईला तोच आजार होता. त्यावरचं नवं औषध उंदरांना लागू पडलं होतं, पण उंदराचं हृदय माणसाच्या कितीतरी पट वेगाने पळतं, त्याच्या भरवशावर माणसाला औषध देता येत नाही. म्हणून आमच्याकडे रीत आहे, आधी डिश, मग माणूस. ज्याला औषध द्यायचं त्याच्याच पेशींवर आधी थेंब टाकायचा. डिशने सोसलं, तर मग माणसाला. आईच्या डिशमध्ये औषध पडायचं नाही. औषध ज्यात विरघळवतात ते नुसतं पाणी पडायचं, तुलनेसाठी.

त्या दुपारी मी वाकून ट्रे भरत होतो आणि घड्याळबाईंनी ताईच्या डिशमध्ये औषधाचा थेंब सोडला. टक, टक, टक. ताईची डिश मजेत होती. तेवढ्यात उजवीकडच्या बंद दारामागे आईचा ठोका अडखळला. एक चुकला. मग दोन घाईघाईने आले. मग इतका वेळ काहीच नाही, की मी वाकलो होतो तसाच राहिलो. मग, जिना चढून आल्यासारखा… टक.

घड्याळबाई म्हणाल्या, थेंब सोडायची नळी बदलायची राहिली असेल, औषधाचा अंश तिकडे गेला असेल. अशा चुका आमच्याकडे होतात. त्यांनी सगळं फेकून नव्याने मांडलं. या वेळी आईच्या डिश कोऱ्या हातमोज्यांनी मी भरल्या, त्यांनी त्या कपाटाला बोटसुद्धा लावलं नाही. थेंब ताईच्या डिशमध्ये पडला आणि आई अडखळली. मग आईची डिश उबेच्या डब्यात घालून, पोटाशी धरून, मी शेजारच्या इमारतीत नेली आणि तिथल्या कपाटात ठेवली. फोन कानाला लावून उभा राहिलो.

पलीकडून घड्याळबाई हळूच म्हणाल्या, “टाकला.”

माझ्यासमोर आईचा ठोका चुकला.

कागदावर मात्र सगळं उत्तम होतं. ताईच्या पेशींनी औषध सोसलं होतं, आणि वॉर्डातल्या डॉक्टरांनी सोमवारपासून सुरुवात करायचं ठरवलं. मी भेटायला गेलो तेव्हा ताई उशीला टेकून बसली होती. ओठ निळसर. तिची चार वर्षांची चिमणी घोडा घोडा करत तिच्या मागे लागली होती, आणि नेहमीप्रमाणे घोडा मलाच व्हावं लागलं. सोमवारनंतर मामाला सुट्टी, मग आईच घोडा, असं ताईने तिला कबूल केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “माझी डिश ठणठणीत आहे म्हणे, बाळ्या. मीच तेवढी मागे राहिलेय.”

मी हसलो. चिमणीला पुन्हा पाठीवर घेतलं.

घरी आल्यावर एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली. लहानपणी कडू औषध मी प्यायचो आणि तोंड आई वाकडं करायची. ताई त्यावरून आम्हा दोघांना चिडवायची. आता काचेमध्ये ताई औषध पीत होती, आणि तोंड… आणि समजा तसंच असेल, तर ते औषध ताईला सोसलेलंच नव्हतं. तिच्या वाटचं दुसरंच कुणीतरी सोसत होतं. सोमवारी ते खऱ्या हृदयात गेलं, तर दोन थेंबांएवढी ती आई त्यातलं किती उचलणार होती?

दुसऱ्या दिवशी घड्याळबाईंच्या दारात मी बराच वेळ रेंगाळलो. शेवटी त्यांनीच आत बोलावलं.

“मॅडम, ते… ते आई घेतेय. ताईचं.”

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. म्हणाल्या, “बस. मला वाटत होतं, असं फक्त मलाच वाटतंय. मीटिंगमध्ये बोलले असते तर मला सक्तीच्या रजेवर पाठवलं असतं.” मग त्यांनी विचारलं, “तुला भीती वाटते का?”

“तिची नाही वाटत,” मी म्हणालो.

उपाय त्यांनीच काढला. गारठ्यात हृदयाच्या पेशी थांबतात. फार वेळ नाही ठेवल्या तर मरत नाहीत, पुन्हा ऊब मिळाली की सुरू होतात. आईला थोडा वेळ बर्फावर झोपवायचं, आणि तेवढ्यात ताईच्या नव्या डिशमध्ये थेंब टाकून पाहायचं. मी बाहेर थांबलो तरी चालेल, असं त्या म्हणाल्या. आई गेली तेव्हा मला पडद्याबाहेर उभं केलं होतं. या वेळी मी आतच राहिलो.

शेजारून परत आणलेली आईची डिश बर्फावर ठेवली. टक… टक… मग दोन ठोक्यांमधलं अंतर लांबत गेलं. प्रत्येक वेळी वाटायचं, हा शेवटचा. मग तो शेवटचाही आला, आणि त्यानंतर खोलीत फक्त ताई उरली.

घड्याळबाईंनी थेंब सोडला.

चार ठोके नीट पडले. मग ताईची डिश फडफडली, पंख अडकलेल्या पाखरासारखी, आणि थांबली. आम्ही वाट पाहिली. ती पुन्हा सुरू झाली नाही.

“सोमवार रद्द,” घड्याळबाई म्हणाल्या. त्यांनी नळी खाली ठेवली.

आईला परत उबेत ठेवलं. बराच वेळ काही ऐकू येईना. मी कपाटाच्या दारावर तळहात टेकला. आजूबाजूला कुणीतरी आहे याची लाज वाटली, तरी बोललो, “आई, ऊठ. झालं आता…”

टक.

वॉर्डला घड्याळबाईंनी एवढंच कळवलं की ताईची नवी डिश औषधाने दगावली, आणि ते खोटं नव्हतं. पुढे त्या औषध पातळ करत गेल्या. दर वेळी आधी आईला झोपवायचं, मग थेंब. असं करता करता एक मात्रा अशी सापडली की ती ताईच्या डिशने एकटीने, कुणाच्या आधाराशिवाय सोसली. तेवढीच ताईला दिली. ओठांचा रंग परत यायला वेळ लागला, पण आला. ताई घरी गेली, जिना चढली, घोडा झाली. हा घोडा फार हळू चालतो, अशी चिमणीने माझ्याकडे तक्रार केली.

आईची डिश त्यानंतर एका दुपारी आपणहून थांबली. या वेळी बर्फ नव्हता. मेलेल्या पेशींवर ब्लीच ओतून त्या टाकून द्यायच्या असतात, आणि ते काम माझं. घड्याळबाईंनी बाटली माझ्या हातून काढून घेतली आणि स्वतः ओतलं.

इथेच संपलं असतं तर मी हे सांगायला बसलो नसतो.

चिमणीची तपासणी केली, तर तोच दोष तिच्यातही निघाला. अजून आजार नव्हता, पण पुढे औषध लागलं तर किती द्यायचं हे आत्ताच पाहून ठेवावं, असं ठरलं. तिच्या रक्तापासूनही पेशी घडवल्या. त्या पेशींवर थेंब टाकायच्या दिवशी सकाळी ताई तिला घेऊन आली होती, पोरीचं हृदय डिशमध्ये कसं दिसतं ते बघायला. दोघी बाहेरच्या खोलीत बाकावर बसल्या. आमच्या आणि त्यांच्यामध्ये जाड काच. इकडचा आवाज तिकडे जात नाही. ताईची आमच्याकडे पाठ होती, मांडीवर चिमणी कागदावर काहीतरी रेघोट्या मारत होती.

घड्याळबाईंनी काही सांगायच्या आधीच मी बर्फ आणला होता. ताईच्या कपाटातल्या सगळ्या डिश आम्ही एकेक करून झोपवल्या. शेवटचा ठोका विरेपर्यंत थांबलो. आता कुणी मध्ये येणार नव्हतं.

चिमणीच्या डिशमध्ये थेंब पडला. टकटकटक, टकटकटक. बारीक, भरभर, एकही ठोका न चुकता. आम्ही कान देऊन ऐकत होतो. काहीच बिघडलं नाही.

“सोसलं गं बाई पोरीने,” घड्याळबाई पुटपुटल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांना मोकळं हसताना पाहिलं. ही बातमी ताईला हाताच्या खुणेनेच सांगावी म्हणून मी काचेकडे वळलो.

ताईने चिमणीला मांडीवरून उतरवून बाजूला बसवलं होतं. एका हाताने बाकाची कड घट्ट धरली होती, दुसरा हात छातीवर होता. पोर आपल्या रेघोट्यांत गुंग. डिशचं, आईचं, बर्फाचं आम्ही ताईला कधीच काही सांगितलं नव्हतं. तिने सावकाश मान वळवली. ओठ निळे पडले होते. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. काचेतून सरळ घड्याळबाईंच्या हातातल्या नळीकडे पाहिलं, आणि छातीवरचा हात काढून एक बोट वर केलं.

अजून एक थेंब…