चव घेणारे तिघे

डॉ. पद्मजा आरवाडे यांनी रुग्णालयाच्या जठर-प्रयोगशाळेतला अहवाल दोनदा वाचला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिसरीतली तमन्ना मुलाणी साडेदहाला शाळेत जेवली होती आणि दीडला वर्गात कोसळली होती. पोटात खराब अन्नातल्या जिवाणूंचं विष, तरी पोरीला एक उलटी झाली नव्हती, साधं मळमळलंसुद्धा नव्हतं. पद्मजांनी तिच्या कानामागची नखाएवढी, मळमळ दाबणारी शमनपट्टी सोलून काढली, तेव्हा दहाव्या मिनिटाला ती भडाभडा ओकली. आता सलाइन चालू होतं आणि नाडी हाताला लागू लागली होती.

ही पट्टी कर्करोगाच्या औषधांनी हैराण झालेल्या मुलांसाठी बनली होती. तिच्या चाचण्या पद्मजांनीच घेतल्या होत्या. पुढे ती शाळांत शिरली. परीक्षेची धास्ती, रिकामं पोट, व्हॅनमधले हेलकावे यांनी मुलांना मळमळतं आणि हजेरी घटते, हे खरंच होतं. पण त्याची कारणं शोधण्याचे कष्ट कोण घेणार? पट्टी चिकटवली की मूल गप्प बसतं. पद्मजांनी तेव्हा विरोधाचं एक पत्र पाठवलं होतं आणि मग त्या आपल्या कामाला लागल्या होत्या. त्या एका पत्रावर भागवल्याचा आज त्यांना सर्वांत जास्त राग येत होता.

अडीचला त्या शाळेत पोचल्या. शमनपट्टीचे संशोधक डॉ. निरंजन केळुसकर सकाळपासून तिथंच पाहणीसाठी आले होते.

"सगळ्या मुलांच्या पट्ट्या आत्ताच्या आत्ता काढायला सांगा," पद्मजा म्हणाल्या. "दोनशे मुलं तेच जेवलीत."

"एका मुलीवरून? मॅडम, जरा शांतपणे घ्या. तीन महिन्यांत या शाळेत एकही उलटी झालेली नाही."

"उलटी नाही म्हणजे विष नाही, असं होत नाही. विष आतड्याला लागलं की प्राणेशा ही नस मेंदूला कळवते आणि मेंदू पोट रिकामं करायला लावतो. तुमची पट्टी ती वर्दीच अडवते. मग विष आत राहतं, मूल गणितं सोडवत बसतं आणि एकदम खाली पडतं."

"विज्ञान मलाही कळतं," केळुसकर म्हणाले. "पण अन्न खराब असतं तर ते मुलांपर्यंत पोचलंच नसतं. रोज स्वयंपाकीणबाई, एक शिक्षक आणि एक पालक असे तिघे आधी खातात. अर्धा तास थांबतात. कुणाला काही झालं नाही, तरच मुलांना वाढतात. आज तर मीही त्यांच्यासोबत खाल्लं."

त्यांनी चवीची नोंदवही पुढे सरकवली. प्रत्येक तारखेसमोर 'उत्तम' आणि खाली तीन सह्या होत्या.

कार्यालयाच्या दारात स्वयंपाकीण मालनबाई उभ्या होत्या. पद्मजांनी त्यांना विचारलं, "सकाळी खाल्ल्यावर तुम्हाला काही वाटलं का हो?"

"न्हाई बाई, कायबी न्हाई. हातपाय तेवढं गार पडल्यात." मालनबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, तेव्हा कानामागची पट्टी दिसली.

"ही तुम्हाला कुणी लावली?"

"ह्या सायबांनीच. पोरं भित्यात, आदी मोठ्यांनी लावून दावा म्हनले. मास्तरांनी लावली. चव घ्यायला पालक येत्यात, त्यास्नीबी लावत्यात."

पद्मजांनी चवीची वही पुन्हा उघडली. तीन महिने इथल्या अन्नाची परीक्षा अशी माणसं करत होती, ज्यांना विष कळणं शक्यच नव्हतं. आणि जिल्ह्यातल्या दीडशे शाळांत हीच पद्धत होती.

"हे तुमच्या डोक्यात एकदाही आलं नाही?" पद्मजांनी विचारलं.

"चव घेणाऱ्यानं पट्टी लावू नये, असं नियमात कुठंही लिहिलेलं नाही," केळुसकर म्हणाले.

पद्मजांनी पुढे परवानगी मागितली नाही. रुग्णवाहिका बोलावून त्या वर्गावर्गात शिरल्या आणि पट्ट्या काढत सुटल्या. मास्तरांनी आधी स्वतःची काढली, मग मुलांच्या. मालनबाई आपली पट्टी उपटून हौदापाशी जाऊन बसल्या. दहा मिनिटांत पहिलीचा वर्ग ओकू लागला, पाठोपाठ दुसरी, मग तिसरी आणि चौथी. मुलं रडत होती, आईला हाका मारत होती, आणि पद्मजा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "काढा बाळांनो, सगळं बाहेर काढा." इतका आनंद आणि इतका संताप त्यांना एकाच वेळी कधी झाला नव्हता.

त्या कार्यालयात परतल्या तेव्हा केळुसकर खुर्चीत बसून फोनवर वरिष्ठांशी बोलत होते.

"होय साहेब. पट्ट्या होत्या तोवर एक मूल तक्रार करत नव्हतं. यांनी पट्ट्या काढल्या आणि शाळाभर उलट्या सुरू झाल्या. आकडेच बोलतायत."

"तुम्हीही तेच खाल्लंय," पद्मजा म्हणाल्या. "पट्टी काढा."

"मला काहीही होत नाहीये, मॅडम. मी ठणठणीत आहे."

हे दाखवून द्यायला ते खुर्चीतून उठले आणि टेबलाला धरता धरता जमिनीवर कोसळले. पद्मजांनी गुडघ्यांवर बसून त्यांच्या कानामागची पट्टी ओरबाडून काढली आणि त्यांना कुशीवर वळवलं. फोन शेजारी पडला होता, चालूच होता.

"बरोबर आहे तुमचं, केळुसकर," पलीकडून आवाज येत होता. "सगळ्या शाळांना आदेश काढलाय. उद्यापासून एकही मूल पट्टीशिवाय वर्गात बसणार नाही."