साळूबाईचे डोळे

महाडच्या बाजारपेठेत श्रीधरचा फोटो स्टुडिओ होता. माणूस कामाला चोख, आणि ते तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. २००९ साल सरत आलं होतं. दुकानात नवाकोरा कॉम्प्युटर आला होता. उठताना त्याला कुलूप घातलं, म्हणजे विंडोज आणि एल ही बटणं दाबली, की तोच निळा पडदा यायचा. कडेला चार पानं आणि एक पाखरू.

"दुकान माझं आणि दारावर चित्र कंपनीचं? ते का म्हणून?" असं म्हणत श्रीधर सकाळभर त्याच्या मागे लागला. हे चित्र बदलणं तेव्हा सोम्यागोम्याचं काम नव्हतं. आतली नोंद बदला, ठरावीक नावाचा फोल्डर करा, फोटो अडीचशे केबीच्या आत बसवा. पण जमलं. तुडीलला सावित्रीच्या काठावर काढलेला बायकोचा, कालिंदीचा, हसरा चेहरा पडदाभर उमटला.

"अहो, गिऱ्हाइकं काय म्हणतील," काउंटरवर आल्बम लावत बसलेली कालिंदी लाजून म्हणाली.

"म्हणतील, बायको देखणी आहे."

त्याच दुपारी वरंधच्या वरच्या वाडीतून नाथू आला. त्याची आई साळूबाई आठवड्यापूर्वी गेली होती. जन्मात तिचा एकच फोटो निघाला, तोही गेल्यावर, भिंतीला टेकवून बसवून. डोळे अर्थातच मिटलेले.

"डोळं तेवढं उघडून द्या, भाऊ. गाय गाभण हाय. वासरू बघायचं म्हनत होती, तवर थांबली नाय."

असे डोळे उघडणं हा श्रीधरच्या हातचा मळ. महाड-पोलादपुरातल्या कितीतरी हार घातलेल्या फोटोंना त्यानेच नजर दिली होती. फक्त एक पद्धत वडिलांनी घालून दिलेली. डोळे घ्यायचे ते दुसऱ्या गेलेल्या माणसाचेच, तो हयात असतानाच्या फोटोतले. कारण वडिलांनी कधी सांगितलं नाही. त्या दिवशी मात्र एकही जोडी बसेना. साळूबाईची मान जराशी डावीकडे कललेली, आणि सकाळी लावलेल्या फोटोत कालिंदीचीही तशीच. श्रीधरने फार विचार केला नाही. कालिंदीचे डोळे उचलले, कडेला सुरकुत्या दिल्या, बसवून टाकले.

"आता गोठ्यासमोरच लावतो तिला," म्हणत नाथू फ्रेम छातीशी धरून गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला श्रीधर चहासाठी उठला, सवयीने कुलूप घातलं आणि जागीच थांबला. पडद्यावरच्या कालिंदीचे डोळे मिटलेले होते. फोटो बिघडला असेल म्हणून त्याने मूळ फाइल उघडली. तिथे ती टक्क डोळ्यांनी हसत होती. पुन्हा कुलूप घातलं. पुन्हा मिटलेले. अशा पापण्या त्याने पुष्कळ पाहिल्या होत्या, गेलेल्या माणसांच्या फोटोंत.

"अहो..." बाहेरून कालिंदीचा आवाज आला, अगदी बारीक. "चुलीचा धूर कुठून येतोय?"

धूर नव्हता. वास मात्र होता, ओल्या लाकडांचा आणि शेणाचा.

कालिंदी रस्त्याकडे तोंड करून उभी होती. डोळे सताड उघडे. श्रीधरने तिच्यासमोर हात हलवला, तरी पापणी लवली नाही.

"ही गाय कुणाची हो... आणि तुम्ही कुठे आहात? मला तुम्ही दिसत नाही..."

श्रीधर मनातून पार हादरला. पण आपण लावलेलं आपल्याला काढता येतं, एवढा त्याचा स्वतःवर विश्वास होता. त्याने फोल्डर उडवला, नोंद पूर्ववत केली, कुलूप घातलं. निळा पडदा, चार पानं, पाखरू. कंपनीच्या त्या चित्राला हात जोडावेत असं त्याला वाटलं.

"दिसतंय," कालिंदी डोळे चोळत म्हणाली. "चक्कर आली असेल. घाबरलात ना?"

"छे," तो म्हणाला. संध्याकाळी दोन पोळ्या जास्तच जेवला. निस्तरलं म्हणजे निस्तरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाथू दारात उभा. फ्रेम पंच्यात गुंडाळलेली.

"भाऊ, आईनं डोळं मिटलं परत. काल तीनच्या सुमाराला... तुमीच बघा."

काचेखाली साळूबाई डोळे मिटून बसली होती. श्रीधरने फ्रेम काउंटरवर पालथी ठेवली. "दुसरा करून देतो. या खेपेला वडिलांच्या पद्धतीनं."

"द्या. पन काय उपेग? आज पहाटं गाय व्याली. वासरू बघायचं राहूनच गेलं बघा तिचं."

आल्बममधून मान वर न करता कालिंदी बोलली. शहरात वाढलेली ती, असं कधी बोलायची नाही.

"राहिलं नाय रे, नाथू. पांढरं हाय. कपाळावर काळा ठिपका. मागल्या पायानं जरा लंगडतंय, त्याला जप."

नाथू दोन पावलं मागे सरला. "मी अजून कुनाला सांगितलं नाय, भाऊ... घरातनं तसाच निघालो..."

श्रीधरने कॉम्प्युटरकडे पाहिलं. निळा पडदा, चार पानं, पाखरू. सगळं जिथल्या तिथे. कालिंदीचं चित्र त्याने काल दुपारीच काढून टाकलं होतं. वासरू आज पहाटे जन्मलं होतं.