गरम पाय

धुक्यातला सराव आटोपून ती तबेल्यात शिरली आणि समोर दिसलेल्या माणसाच्या हातात तिनं सरळ बादली ठेवली.

"धर जरा. घोडीला पाणी पाज."

त्यानं निमूट पाजलं. मग घोडीचा खूर उचलून तो निरखू लागला, तेव्हा तिला शंका आली...

"तू – तुम्ही नवे मोतद्दार ना?"

"घोड्यांचा नवा डॉक्टर. पण बादली बरी धरतो, नाही?"

ती कानापर्यंत लाल झाली.

मग रोज सकाळी तो घोडीला तपासण्याच्या निमित्तानं रेंगाळू लागला. ती जॉकी; शर्यतीआधी वजन कमी ठेवण्यासाठी उपाशी असायची.

"एक घास तरी खा."

"घोडी रागावेल."

"तिची समजूत मी घालेन. ऐकते ती माझं."

"आणि मी?"

"तुझी नाडी बघावी लागेल..." त्यानं तिचं मनगट धरलं. ते बराच वेळ सोडलंच नाही.

मोसमातली शेवटची शर्यत आली. ती जिंकली तर मोसमाचं विजेतेपद तिचं होणार होतं. याआधी कुठल्याच बाईला न मिळालेलं. त्या सकाळी घोडीच्या पुढच्या पायावर त्याचा हात थबकला.

"पाय गरम आहे, आत दुखापत असणार. आज नको पळवूस."

"लंगडत तर नाहीये!"

"माझ्यासाठी थांब."

"याच दिवसासाठी पोटाला चिमटा काढलाय मी... इतकी वर्षं!"

घोडीच्या मालकानं दुसरा डॉक्टर बोलावला. पळवायला हरकत नाही, म्हणून त्या दुसऱ्यानं मान डोलावली. बाजूला उभ्या आपल्या डॉक्टरकडे न बघता ती रिकिबीत पाय ठेवून वर चढली.

ती जिंकली. लोक बेभान ओरडत होते, आणि रेषेपलीकडे घोडी कोसळली. तोच पाय मोडला होता.

तो बॅग घेऊन धावत आला. तिनं घोडीचं डोकं मांडीवर घेतलं. त्यानं मानेवरून हात फिरवत सुई टोचली. घोडी कायमची शांत झाली.

"बोल ना काहीतरी... शिव्या दे मला!"

"सकाळी बोललो होतो," तो हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या खोलीवर गेली, तर तो कपडे भरत होता.

"प्रेम संपलं?"

"तेच तर संपत नाही. पण तू घोड्यावर बसलीस की मला तो पाय दिसणार."

"मग मी बसणं सोडते!"

"सोडशील?"

तिला हो म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं... तेवढ्यात खाली रस्त्यावर टापा वाजल्या, आणि तिची मान आपसूक खिडकीकडे वळली.

तो कसनुसा हसला. बॅगेची चेन लावली, आणि तिला वाट देण्यासाठी दाराशी बाजूला झाला.