तीन टिंबांच्या पुढचं

मुकादमाचा फोन आला तेव्हा चिमणी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून केळं खात होती. मुकादम म्हणजे थोरलीचा साहेब. त्याचं खरं नाव वेगळंच होतं, पण माणसांच्या डोक्यावर उभं राहून काम करून घ्यायची सवय, म्हणून सगळं ऑफिस त्याला पाठीमागे मुकादमच म्हणायचं. आणि चिमणी ही थोरलीची धाकटी बहीण. चाळिशी उलटली, कानाजवळचे केस पांढरे झाले, तरी घरात ती अजून चिमणीच होती.

"ताईंचं मशीन आज हलवायचंय हो," मुकादम म्हणाला. "त्यावर त्यांचा प्रोग्राम अडकून पडलाय. आमच्याकडे ती भाषा कुणालाच येत नाही. तुम्हाला येते म्हणे?"

"येते. ताईनंच शिकवली."

"मग या आणि एकदाचा बंद करून द्या. बाकी काही नाही."

बाकी काही नाही म्हणे! चिमणीला त्याला दोन शब्द सुनवावेसे वाटले. थोरली ऑफिसात बसल्या खुर्चीवरून कोसळली होती आणि तेव्हापासून तिनं डोळे उघडले नव्हते. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई रोज तेच सांगायच्या, आत कुठे काही बिघडलेलं दिसत नाही, पण त्या उठत नाहीत. आई खाटेशेजारी बसून विणत राहायची, भावजी खिडकीशी उभे राहायचे, आणि थोरलीची लेक तिच्या पायांना तेल चोळायची. ताई परत यावी, यापलीकडे चिमणीला दुसरं काही सुचत नव्हतं. पण ताईचं काम दुसऱ्या कुणी उचकटलेलं तिला चाललं नसतं, हेही खरं. म्हणून ती गेली.

ऑफिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. करड्या गालिच्याला ओलसर वास होता. थोरलीची खुर्ची कुणीतरी सरळ करून ठेवली होती, पण कप तसाच होता, तळाशी चहाचं वाळलेलं वर्तुळ. पडदा सुरू होता.

"त्या पडल्या, त्याच वेळेला हे आलं," मुकादम पडद्याकडे बोट दाखवत म्हणाला. "मी हात नाही लावला." आणि तो जरा लगबगीनंच निघून गेला.

प्रोग्राम साधा होता, औषधांच्या गोदामाचा. कुठलं औषध कुठल्या रॅकवर, कुठल्या खणात, कुठल्या खोक्यात. लिस्प नावाच्या जुन्या भाषेत लिहिलेला. या भाषेत सगळं म्हणजे याद्याच. यादीत यादी, तिच्यात आणखी यादी, आणि प्रत्येकीला कंस. म्हणून ऑफिसातले लोक थोरलीला कंसमामी म्हणायचे, आणि तिला ते मनापासून आवडायचं.

दुसऱ्या भाषांतला प्रोग्राम चुकला की मरतो. लिस्पचा मरत नाही. ठेच लागली त्याच जागी, हातातलं सगळं हातात धरून तो थांबतो आणि विचारतो, आता काय करू? त्या थांबायच्या जागेला डिबगर म्हणतात. पडद्यावर तेच होतं. खाली दोन पर्याय: पुढे चालू ठेव, किंवा सोडून दे.

चिमणीनं 'सोडून दे' वाचलं आणि तिचा हात मागे आला. येडपट आहेस, ती स्वतःला म्हणाली. पडताना ताईचा हात एखाद्या बटणावर पडला असेल, आणखी काय? पण बोट काही पुढे जाईना. म्हटलं, आधी बघू तरी कशाला ठेच लागली ते.

डिबगर किती दाखवणार, हे आपण ठरवायचं असतं. थोरलीनं तीनची मर्यादा घातली होती. यादीतल्या तीन गोष्टी दाखवायच्या, पुढे तीन टिंबं. नाहीतर पडदा भरून वाहतो, म्हणायची. आणि हे कोण सांगणार, तर थोरली! साधी भाजी आणायला गेली तरी परत येऊन भाजीवालीच्या जावेच्या बाळंतपणापर्यंत सांगायची. एकदा तिचं गुऱ्हाळ सुरू झालं की भावजी डोक्यावरून पांघरूण घ्यायचे. प्रोग्रामात मात्र तीन म्हणजे तीन.

आणखी एक गोष्ट तिनं केली होती. डिबगर उघडायच्या आधी आपलं काही चालवायचं असेल, तर दारात एक हुक, म्हणजे आपल्या काही सूचना, लावून ठेवता येतो. चिमणीनं तो हुक मागवला. पडद्यावर आलं: थांबायच्या-आधी, सगळं-गोळा-कर, सांभाळून-ठेव, आणि तीन टिंबं. पुढचं नंतर बघू, असं म्हणून तिनं ते तिथेच सोडलं.

मग तिनं प्रोग्रामला हातातलं दाखवायला सांगितलं. रॅक आणि खोकी येतील असं वाटलं होतं.

पहिल्या यादीत होतं: खाट, सलाईन, पडदा, टिंबं. दुसऱ्या यादीला नाव होतं माझी-माणसं, आणि तिच्यात आई, नवरा, लेक. पुढे टिंबं.

चिमणी खुर्चीत मागे टेकली. चाचणीसाठी घातलं असेल काहीतरी, तिनं स्वतःला समजावलं. औषधं शेवटी हॉस्पिटलातच जातात. तरी तिनं मर्यादा तीनवरून दहावर नेली आणि परत मागवलं. याद्या लांबल्या. खाट, सलाईन, पडदा, पाण्याची-बाटली, निळी-लोकर, खिडकी. आणि आई, नवरा, लेक, चिमणी.

"चौथी होय गं मी?" ती पडद्याला म्हणाली. तिला हसू आलं. नाकावर बसलेला चष्मा काढून तिनं डोळे पुसले आणि उगीच पुन्हा एकदा तेच बटण दाबलं.

निळी-लोकरच्या जागी पिवळी-लोकर होती.

थांबलेल्या प्रोग्रामात काही बदलत नाही. बदलूच शकत नाही, थांबलाय म्हणजे थांबलाय. चिमणीनं आईला फोन लावला.

"आई, काय करतेस?"

"काय करणार? विणतेय. निळी संपली, आत्ताच पिवळी काढली. का गं?"

"काही नाही. सहज."

फोन तसाच चालू ठेवून तिनं आणखी एक मर्यादा वाढवली, यादीच्या आत किती खोल शिरायचं ती. आता खाट उघडली. गादी, चादर, उशी. खाटेखाली पेनाचं-टोपण.

"आई, खाटेखाली वाकून बघतेस का जरा?"

"आता या गुडघ्यांनी?" पण खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ आईचा नुसता श्वास ऐकू येत होता. "पेनाचं टोपण आहे बाई. नर्सचं असेल. तुला कसं कळलं?" आणि मग हळू आवाजात, "चिमणे, तू आहेस कुठे नक्की?"

"ताईच्या ऑफिसात."

"मग असं नको बोलूस. मला भीती वाटते."

चिमणीलाही वाटत होती. खिडकीबाहेर लख्ख दुपार होती, पलीकडच्या टेबलावर कुणीतरी बडबडत डबा उघडत होतं, आणि तिचे हात घामेजले होते. तिनं आणखी खोल मागवलं. आता चिमणी उघडली. चिमणी, माझी-खुर्ची, फोन-कानाशी, ओले-तळवे.

तिनं तळवे साडीला पुसले. खसाखसा पुसले. परत बटण दाबलं.

कोरडे-तळवे.

"ताई," ती म्हणाली. मोठ्यानं नाही.

मग तिनं मर्यादाच काढून टाकल्या. सगळ्या.

पडदा धावायला लागला. जिन्याखालचा लपायचा कोपरा आला. चिमणीच्या कानात गेलेला मणी, तो काढणारे डॉक्टर, त्यांच्या हाताचा साबणाचा वास. चिमणीला दिलेला हिरवा फ्रॉक, त्याच्या खिशातलं तिकीट, त्या सिनेमात रडलेली आई, आईचा ओला रुमाल. एकातून एक, मुळापासून शेंड्यापर्यंत. हे ताईचंच गुऱ्हाळ होतं, दुसऱ्या कुणाचं असणार! चिमणी रडत रडत वाचत होती, आणि कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटत होतं. बोल गं बाई, बोल, ती म्हणत होती. मी नाही पांघरूण घेत.

मशीनचा पंखा घोंघावायला लागला. पडदा थांबत नव्हता. शब्द वाचता येईनासे झाले.

"चिमणे!" फोनमधून आई ओरडली. "हिचा श्वास बघ गं कसा चाललाय! ते यंत्र किंचाळतंय! अहो, कुणीतरी या!"

चिमणीनं थांबवायचं बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं.

"ही जातेय गं!"

मर्यादा. तिनं टाइप केलं. तीन.

पडदा थांबला. पंखा खाली बसला. फोनमध्ये पळापळ, मग नर्सचा आवाज, मग आई.

"थांबलं. शांत झालीय. देवा रे, काय होतं हे?"

चिमणीनं मान हलवली, जणू आईला ती दिसणार होती.

"झालं का हो?" मुकादम टेबलाशी आला होता, मागे मशीन न्यायला आलेली दोन माणसं. "यांना पुढे आणखी दोन ठिकाणी जायचंय."

"दोन मिनिटं."

"मघापासून बसलाय की तुम्ही." त्यानं एका माणसाला खूण केली आणि तो टेबलाखाली वाकून वायरी चाचपायला लागला.

चिमणीनं पडद्याकडे बघितलं. सोडून दे, हे तर ती मेली तरी दाबणार नव्हती. राहिलं ते पुढे चालू ठेव. एकदा मनात आलं, हुक पुरता वाचायचा राहिलाय. मर्यादा परत वाढवून बघावं का? पण त्या यंत्राचं किंचाळणं अजून कानात होतं. आणि ताईनंच शिकवलं होतं, दुसऱ्याच्या मशीनवरून उठताना सेटिंग होती तशी ठेवून उठायचं. होतीच ती तशी. तीन.

तिनं 'पुढे चालू ठेव' दाबलं.

पडदा क्षणभर कोरा झाला. मग एक ओळ उमटली. परत-दिलं. त्याखाली खाट, सलाईन, पडदा, टिंबं. त्याखाली आई, नवरा, लेक, टिंबं. ती नीट वाचते न वाचते तोच टेबलाखालच्या माणसानं वायर ओढली.

"चिमणे," फोनमध्ये आई हुंदके देत होती. "चिमणे, अगं डोळे उघडले तिनं! पाणी मागितलं! ये गं, लवकर ये!"

मुकादमाला काही न सांगता ती पळत सुटली. डोळे पुसायला काढलेला चष्मा टेबलावरच राहिला. रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हसतोय, रिक्षावाला आरशातून बघतोय, आणि आपल्याला त्याची मुळीच लाज वाटत नाहीये.

खोलीत सगळे जमले होते. थोरली उशीला टेकून बसली होती, उतरलेली, पण तीच. गालांवर जरा रंगही होता. भावजींचे डोळे लाल झाले होते. लेक थोरलीच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. डॉक्टरीणबाई खाटेच्या कडेला बसून सावकाश प्रश्न विचारत होत्या, आणि थोरली नीट उत्तरं देत होती. वार बरोबर, गाव बरोबर.

"खोलीत काय काय दिसतंय तुम्हाला?"

"खाट. सलाईन. पडदा." थोरली थांबली. तिची तर्जनी चादरीवर हलली.

"छान. आणि तुमची माणसं कोण कोण?"

"आई," थोरली म्हणाली आणि आईकडे बघून हसली. "हे. माझी लेक." दोघांकडे बघूनही तशीच हसली.

"आणि?"

थोरलीचं बोट पुन्हा हलत होतं.

"दमलीय हो," आई डोळे पुसत म्हणाली. "एरवी ऐकाल तर कान किटतील तुमचे. उद्या बघा, कसं गुऱ्हाळ लावते ते. अगं, चिमणी आली बघ. तिचं नाव नाही घेतलंस?"

चिमणी पुढे झाली. तिनं थोरलीचा हात दोन्ही हातांत घेऊन चादरीवर ठेवला. हात उबदार होता.

"ताई, मी आलेय."

थोरलीनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. तिची नजर चिमणीच्या चेहऱ्यावर आली, तिथेच राहिली, आणि तिच्यात काहीही हललं नाही. ना ओळख, ना अनोळख. ती शांत होती, मघाइतकीच प्रसन्न होती. चिमणीच्या तळव्याखाली तिचं बोट चादरीवर टिंब दिल्यासारखं सावकाश टेकलं. मग आणखी एकदा. मग आणखी एकदा.