बिनपाण्याचा ग्रह

पुलगावच्या गिरणीत मी फिटर होतो आणि माझी कायम रात्रपाळी असे. सकाळी घरी यायचं, भाकरी खायची, दुपारपर्यंत झोपायचं, आणि उठलं की ग्रह तयार करायला बसायचं. हे शेवटचं काम गल्लीतल्या लोकांना रिकामटेकडेपणा वाटे, पण नागपूरच्या एका मासिकाला ते हवं होतं. सत्तावन्न सालच्या ऑक्टोबरात रशियाने आपला उपग्रह सोडला आणि गिरणीच्या फाटकावरचे लोकसुद्धा माना वर करून आभाळ पाहू लागले. तेव्हा संपादकांनी मला कळवलं, की माणूस पुढे दूरवर वस्त्या करील, त्या सरहद्दीवरच्या ग्रहांची वर्णनं दर महिन्याला पाठवत जा. मी फार खूश झालो. तोवर माझ्याकडे कुणी मागून काही घेतलं नव्हतं, नटबोल्ट सोडून.

पहिला ग्रह मी वाऱ्याचा केला. तिथली माणसं कमरेला दोर बांधल्याशिवाय दाराबाहेर पडत नसत. दुसऱ्यावर दोन सूर्य होते, रात्र नव्हतीच, आणि अंधार म्हणजे काय ते लेकरांना कळावं म्हणून शाळेत एक बंद खोली ठेवली होती. दोन्ही ग्रह लोकांना आवडले असं संपादकांनी लिहिलं.

माझी एक खोड होती. आधी तोंडाने सांगितल्याशिवाय मला लिहिता येत नसे. आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकारा द्यायचा असतो. सांगणाऱ्याच्या प्रत्येक वाक्यामागे ‘हूं’ म्हणायचं. हुंकारा थांबला की गोष्ट थांबली. माझा हुंकारा माझी बायको सुलोचना देई. तिचा ‘हूं’ ढिला पडला की मी समजायचो, इथे आपण शहाणपणा पाजळतो आहोत, आणि तेवढा भाग गाळून टाकायचो. तिच्यासारखा संपादक नागपुरातही नव्हता.

त्या हिवाळ्यात तिला सातवा महिना होता. आधीची दोन लेकरं पोटातच गेली होती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला खाटेवरून उठायला बंदी केली होती. धक्का बसेल असं काही कानावर जाऊ देऊ नका, असंही बजावलं होतं. तिची देखभाल करायला रोहण्याहून तिची आत्या, पंचफुलाबाई, आमच्याकडे येऊन राहिली होती. सुलोचना आणि तिचा मोठा भाऊ लहानू या दोघांना आईवेगळं झाल्यावर याच आत्याने वाढवलं होतं.

आत्याला माझ्या ग्रहांचं काही वावडं नव्हतं, वेळेचं होतं. दिवसा गोष्ट सांगू नये, येणाऱ्या लेकराचा मामा वाट चुकतो, असं तिचं म्हणणं. मी हसलो. आदल्याच वर्षी आम्ही सगळ्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. घरातले देव आत्याने स्वतःच्या हाताने वर्धेच्या पात्रात सोडले होते, मागे वळून न पाहता. देव सोडले आणि हे काय धरून बसलात, असं मी तिला विचारलं.

‘‘हे देवाचं नोहे, जवाईबापू,’’ ती म्हणाली. ‘‘हे वाटेचं हाय.’’

मी रात्रपाळीचा माणूस. दिवसा नाही तर कधी सांगणार?

त्या दिवशी लहानूदादा यायचा होता. बहिणीसाठी ज्वारी, तूर आणि दुधाला एक शेळी घेऊन तो पहाटेच बैलबंडी जुंपून रोहण्याहून निघणार होता. दिवेलागणीपर्यंत पोचेल असा निरोप होता. दुपारी मी उठलो आणि सुलोचनाच्या उशाशी बसून तिसरा ग्रह सांगायला घेतला.

हा ग्रह मी सरहद्दीच्या अगदी टोकाला ठेवला होता. त्याच्यापुढे वस्ती नाही. चंद्र आपल्याला एकच तोंड दाखवतो, तसा हा आपल्या म्हाताऱ्या लाल सूर्याला एकच बाजू दाखवी. एका बाजूला कायमचा जाळ, दुसऱ्या बाजूला कायमचा काळोख, आणि मधे एक चिंचोळा पट्टा, जिथे सूर्य क्षितिजावर अडकून पडलेला. तिथे सदाचीच दिवेलागण. सावल्या लांबच लांब, आणि त्या जागच्या हलत नाहीत. हवा इतकी जड, की आवाजही रेंगाळत चालतो; हाक पोचते तोवर हाक मारणारा निघून गेलेला असतो. त्या पट्ट्यात मी थोडी घरं उभी केली, रिकामी, कारण माणसं घेऊन येणारं जहाज अजून पोचायचं होतं. आणि तिथे पाणी नव्हतं. एका बाजूचं उकळून गेलेलं, दुसऱ्या बाजूचं गोठून बसलेलं, मधे थेंब उरणार नाही. हे मी पुस्तकं वाचून, नीट विचार करून ठरवलं होतं आणि त्याचा मला गर्व होता.

सुलोचनाचा हुंकारा मधेच थांबला. डोळे मिटलेलेच होते.

‘‘मानूस हाय न तिथं,’’ ती म्हणाली.

वस्ती रिकामी आहे, मी म्हणालो.

‘‘पायात काई नाई त्याच्या. घराघरात डोकावून राह्यला.’’

मला ते फार आवडलं. रिकाम्या वस्तीत अनवाणी हिंडणारा एकटा माणूस! मी तो तसाच गोष्टीत घेतला आणि खुशीत पाळीवर गेलो.

लहानूदादा त्या संध्याकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणीतून सुटलो तर फाटकाशी रोहण्याचा एक माणूस माझी वाट पाहत उभा होता. वाटेतल्या विरुळ गावाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला बंडी सापडली होती. बैल जुंपलेलेच, रवंथ करत उभे. पोती जागच्या जागी, शेळी मागे बांधलेली. लहानूदादाच्या वाहाणा बंडीत शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या.

मी तिथे गेलो. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली पऱ्हाटी होती, कापूस फुटून पांढरी झालेली. काळ्या मऊ मातीत अनवाणी पावलं उमटली होती. ती बंडीपासून निघून पऱ्हाटीच्या दोन ओळींमधून सरळ आत गेली होती. घाई नाही, ओढाताण नाही. आणि थोडं पुढे गेल्यावर ती नव्हती. माती तशीच मऊ होती, पुढच्या ओळीही तशाच होत्या. पोलिसांनी विहिरी पाहिल्या, नाले पाहिले. मीही पाहिले. मला लहानूदादा मनापासून आवडायचा, आणि त्या रानात हिंडताना मला रडू आलं हे सांगायला मला लाज वाटत नाही.

सुलोचनाला आम्ही काही कळू दिलं नाही. बैल लंगडतो म्हणून निघायला उशीर झाला, असं सांगितलं. तिने मान हलवली. दुपारी म्हणाली, पुढचं सांगा. डोळ्यांपुढे पऱ्हाटीतली ती पावलं असताना मला ग्रह सुचेना. पण नाही म्हणालो असतो तर तिला संशय आला असता. मी दोन वाक्यं बोललो आणि ती मधेच म्हणाली:

‘‘दादाले तहान लागली.’’

मी तिच्याकडे पाहिलं.

‘‘कालपासून फिरून राह्यला तो. तुमी पानी काऊन नाई ठेवलं तिथं?’’

आवाजात रडणं नव्हतं, रागही नव्हता. भाजीत मीठ का नाही, इतक्या साधेपणाने तिने विचारलं. दाराशी तूर निवडत बसलेल्या आत्याचे हात थांबले होते. मी उठून अंगणात गेलो आणि स्वतःला समजावत राहिलो: गल्लीत कुजबुज झाली असेल, हिच्या कानावर आली असेल, अर्धवट झोपेत दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या असतील.

त्या दिवसापासून सुलोचनाने पाणी सोडलं. आत्या ओठांशी गडू नेई आणि ती तोंड फिरवी. तो पेल्याबिगर मी कशी पेऊ, एवढंच म्हणे. दुसऱ्या दिवशी तिचे ओठ फुटले. डॉक्टरीणबाई आल्या, नाडी पाहिली आणि मला बाहेर नेऊन म्हणाल्या, की असंच चाललं तर उद्यापर्यंत बाळ हातचं जाईल, कदाचित आईसुद्धा.

मी आत गेलो आणि त्या ग्रहावर विहीर खणली. शास्त्र गेलं चुलीत. वस्तीच्या मधोमध, दगडी काठाची, पायऱ्यांची विहीर, पाणी हाताला लागेल इतकं वर. सुलोचना हुंकारा देत होती. माणूस विहिरीशी आला, वाकला, ओंजळ भरली. त्याचं पिऊन होईपर्यंत सुलोचना थांबली. मग तिने हात पुढे केला आणि गडूभर पाणी एका दमात प्यायली.

त्या रात्री पाळीवर मी एकाच मशीनला दोनदा तेल घातलं. मला भीती वाटत होती, आणि कशाची ते मला सांगता आलं नसतं.

सकाळी आत्याने मला चुलीपाशी बसवून घेतलं. तिचे डोळे सुजले होते.

‘‘विहीर देली, चांगलं केलं. आता तो तिथंच बसून राहीन,’’ ती म्हणाली. ‘‘त्याले वाट सांगा, जवाईबापू. दिवसा चुकला. आता दिवे लागल्यावर सांगा.’’

मी वाद घातला नाही.

त्या दिवशी मी पाळी बुडवली आणि संध्याकाळी कंदील लावला. गल्लीकडचं दार आत्याने उघडं ठेवलं आणि ती उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली. मी सुलोचनाच्या उशाशी बसलो, दाराकडे पाठ करून, आणि सुरुवात केली. विहिरीशी बसलेला माणूस उठला.

‘‘हूं,’’ सुलोचना म्हणाली.

त्याने सूर्याकडे पाठ केली. तो घरांच्या मधून, न हलणाऱ्या सावल्या ओलांडत निघाला. वस्ती मागे पडली. पायाखालचा तांबडा फुफाटा काळा होत गेला. मऊ झाला. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी आली. तिच्या दोन ओळींमधून तो विरुळच्या रस्त्याला लागला.

‘‘हूं.’’

मग मला ठाऊक असलेली सगळी वाट मी सांगितली. बाभळी, छोट्या गाडीचे रूळ, कापसाच्या बंड्यांची चाकोरी, दुरून दिसणारं गिरणीचं धुराडं. प्रत्येक वाक्यामागे हुंकारा येत होता. मात्र तो आता उशिरा येत होता. वाक्य संपे, मी श्वास घेई, आणि मग कुठे ‘हूं’ ऐकू येई.

मी सुलोचनाकडे पाहिलं. तिला गाढ झोप लागली होती. ओठ मिटलेले होते.

‘‘हूं.’’

तो आवाज उघड्या दारातून, लांबून आला होता.

आत्यानेही ऐकला. तिने पदर तोंडावर दाबून धरला आणि हाताने मला खूण केली, थांबू नका.

मी थांबलो नाही. तो गावात शिरला, मी म्हणालो.

‘‘हूं.’’ आता आवाज गल्लीच्या तोंडाशी, पिंपळापाशी असावा.

तो आमच्या गल्लीत वळला.

‘‘हूं.’’

तो दाराशी आला.

या वेळी हुंकारा आला नाही. उंबऱ्यावर पाऊल वाजलं आणि आत्या ‘लहान्या’ म्हणून हंबरडा फोडून उठली. मी वळून पाहिलं. लहानूदादा होता. तोच सदरा, तेच धोतर, अनवाणी पाय, चेहरा धुळीने माखलेला. आत्या त्याला चाचपून पाहत होती, त्याचे गाल, त्याचे खांदे. मला फार आनंद झाला. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. कोपऱ्यातला पाण्याचा माठ उचलला आणि तोंडाला लावला.

मी सुलोचनाला हलवलं. उठ, दादा आला, म्हणालो.

तिने डोळे उघडले नाहीत. कपाळाला आठी पडली.

‘‘दादा नाई उठला,’’ ती झोपेतच म्हणाली. ‘‘दादा विहिरीपाशीच बसला हाय. त्याच्या बाजूचा उठला.’’

माझ्या पाठीमागे पाणी पिण्याचा आवाज थांबला.

मुलगी फाल्गुनात झाली. सुखरूप झाली, आता दोन वर्षांची आहे आणि घरभर धावते. लहानूदादा रोहण्यात शेती करतो. कुठे होतास, हे त्याने पोलिसांना सांगितलं नाही आणि आम्हालाही नाही. आत्या त्याच्यापाशीच राहते आणि सुखात आहे. गावात विचाराल तर लोक म्हणतील, माणूस पहिल्यापेक्षा शांत झाला, कामालाही वाघ आहे. सुलोचना त्याला जेवू घालते, पण दादा म्हणत नाही. ‘रोहण्याचे आले’ एवढंच म्हणते.

मासिकाला मी नंतर काही पाठवलं नाही. पण दुपारी उठलो की सुलोचना उशाशी येऊन बसते आणि मी सांगतो, की वस्तीच्या मधोमध विहीर आहे, पाणी हाताला लागेल इतकं वर आहे. ती हुंकारा देते आणि मगच स्वतः पाणी पिते. यावर माझा आजही विश्वास नाही. तरी एक दुपार मी चुकवलेली नाही.

या थंडीत मात्र मला ताप भरला आणि घसा असा बसला की तोंडातून शब्द निघेना. सुलोचना उशाशी येऊन बसली, माझ्या ओठांकडे पाहत राहिली. मी जिवाच्या आकांताने ‘विहीर’ म्हणायला पाहत होतो. लहानूदादा कापूस विकून आमच्याकडे आला होता. तो खाटेशी आला, माझ्या अंगावरून सरकलेली गोधडी त्याने मायेने नीट ओढली आणि माझ्या छातीवर हात ठेवला.

‘‘राहू द्या न, जवाईबापू,’’ तो हळूच म्हणाला. ‘‘आता कोन पेते ते पानी.’’