फाळक्यामागचा आवाज

जुलैतल्या एका बुधवारी सकाळी आकाराम चौगले पशुखाद्याची पोती भरून कोल्हापुरातून चंदगडकडे निघाला. काम साधंच होतं. चंदगडच्या पुढं तिलारीच्या अंगाला एक लहानसं खेडं आहे, तिथल्या दूध संस्थेत माल उतरवायचा आणि अंधार पडायच्या आत निदान गडहिंग्लजपर्यंत माघारी यायचं. ट्रकचे मालक चनबसाप्पा निघताना म्हणाले, "पाऊस लई हाय तिकडं. सावकास जा. अडलं तर फोन कर."

आकारामनं नुसती मान हलवली. गेले चार महिने तो मानच हलवत होता. बोलणं त्यानं जवळजवळ सोडलं होतं.

सोळा वर्षं तो फौंड्रीत साचे भरायचा. फौंड्री बंद पडली आणि एकोणचाळिसाव्या वर्षी त्यानं जड वाहनाचं लायसन काढलं. चनबसाप्पांनी ओळखीवर गाडी हातात दिली. या वयात हात नवं काही लवकर शिकत नाहीत. पहिल्याच आठवड्यात त्यानं पेट्रोल पंपाच्या खांबाला गाडी घासली. पुढं ताडपत्रीचं एक टोक बांधायचं राहिलं आणि निपाणीच्या पावसात पोतीच्या पोती आटा भिजला. एकदा उतारावर गिअर सुटला आणि नुसत्या ब्रेकवर गाडी उतरवताना लायनर जळल्याचा वास थेट केबिनमध्ये आला. चनबसाप्पा प्रत्येक वेळी ओरडले, पण गाडी काढून घेतली नाही. "नवा माणूस चुकणारच की," म्हणायचे.

सगळ्यांत अवघड जायचं ते गाडी मागं घेणं. पुढं जाताना रस्ता दिसतो. मागं जाताना दोन आरशांत मावेल तेवढंच जग उरतं. गोदामाच्या धक्क्याला गाडी लावताना आकाराम भिऊन हातभर अलीकडंच थांबायचा आणि हमाल हसायचे. "पावणं, ह्या फटीत काय आमाला गाडायचं हाय? घ्या की आनि हातभर!" पाठीवर पोतं घेऊन ती फट ओलांडावी लागते, त्यांचा राग खरा होता. पण ते हसणं आकारामच्या कानात घरी जाईपर्यंत वाजत राहायचं.

मार्चमध्ये एका दुपारी तो गुळाच्या गोदामात गाडी लावत होता. हमाल चहाला गेले होते. डाव्या आरशात एकटाच एक माणूस दिसला, उन्हासाठी डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेला. त्यानं हात वर केला. मग मागून आवाज आला, "येऊ दे... येऊ दे..." आकाराम गाडी मागं घेत गेला.

"बास!"

आकारामनं ते ऐकलं. स्वच्छ ऐकलं. पण त्याच क्षणी त्याला ते हसणं आठवलं. आजही हातभर फट राहिली असणार, असं त्याला वाटलं. आज धक्क्याला टेकवूनच थांबायचं. डोळा मिटून उघडावा एवढा वेळ त्यानं ब्रेकवर पाय ठेवला नाही.

हौद्याच्या मागच्या फळीवर, फाळक्यावर, हाताच्या दोन थापा पडल्या. तिसरी पडली नाही.

जो हमाल मेला त्याचं नाव गुंडू, हे आकारामला नंतर कळलं.  चौकीत हवालदारानं विचारलं तेव्हा आकाराम म्हणाला, "मला काय बी ऐकू आलं न्हाई, साहेब." हवालदारानं वरही बघितलं नाही. पुढं काय लिहिलं ते न वाचताच आकारामनं सही केली. अपघात म्हणून कागद मिटला. आकाराम मात्र दोन महिने घरात भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. गुंडूच्या घरी तो गेला नाही. गोदामातल्या कुणाशी बोलला नाही.

शेवटी चनबसाप्पाच घरी आले. "जितकं पडून ऱ्हाशील तितकं भ्या वाढंल. ऊठ, गाडीवर बस."

तो बसला. पहिल्याच दिवशी इचलकरंजीत एका दुकानामागं लोखंडी सळ्या उतरवायच्या होत्या. आकारामनं रिव्हर्स टाकला. आणि मागून आवाज आला.

"येऊ दे... येऊ दे..."

दुकानातलं कुणी असेल, असं त्याला वाटलं. गाडी मागं गेली. "बास!" फाळक्यावर दोन थापा. आकाराम खाली उतरून मागं गेला. गाडी आणि भिंत यांच्यात बरोबर बोटभर जागा होती. माणूस नव्हता. हौद्यात गंजक्या सळ्या होत्या, पण त्या फटीतून वास येत होता ताज्या गुळाचा.

त्यानंतर प्रत्येक वेळी तसंच होत गेलं. भर दुपारी, वर्दळीत, बाजूला माणसं असताना. दुसऱ्या कुणालाच ऐकू जायचं नाही. आकाराम आरशात बघेनासा झाला. नुसतं ऐकायचा आणि गाडी बोटभर अंतरावर जाऊन थांबायची. हमाल आता कौतुक करायचे, "मर्दा, हात बसला की तुजा!" त्या दिवशी त्याला जेवण जायचं नाही.

बायकोला, क्रांतीला, त्यानं एकदाच सगळं सांगितलं. 'बास' ऐकल्याचंही सांगितलं. 

"त्येच्या घरला जावा. खरं काय ते सांगा."

"आन् आत गेलो तर? तू काय करशील?"

"आता तरी कुठं भाईर हाईसा?" ती म्हणाली.

तरी तो गेला नाही.

चंदगड मागं पडलं तेव्हा तीन वाजले असतील, पण उजेड असा राहिला नव्हता. पाऊस बारीक होता आणि धुकं इतकं दाट, की बोनेटच्या पुढं रस्ता आहे हे चाकालाच काय ते कळत होतं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नुसती पांढरी पोकळी. कुठं तरी खाली पाणी धो धो पडत होतं. काचेवरचा वायपर कुंथत होता. एक वळण घेतलं आणि आकारामनं करकचून ब्रेक मारला. रस्त्यावर भलं मोठं जांभळीचं झाड आडवं पडलं होतं.

फोनला रेंज नव्हती. गाडी वळवायला जागा नव्हती. वळणाच्या मागं रस्ता जरा रुंद झाल्याचं त्यानं येताना पाहिलं होतं. तिथवर मागं जायचं, एवढाच मार्ग होता. दोन्ही आरसे पांढरे पडले होते. त्यानं रिव्हर्स टाकला आणि थांबला. आपण कशासाठी थांबलो आहोत, हे कळलं तेव्हा त्याला स्वतःची किळस आली. ज्याला आपण मारलं त्याच्याच आवाजाची तो वाट बघत होता.

"येऊ दे..."

त्यानं क्लच सोडला.

"येऊ दे... येऊ दे..."

गाडी रांगत मागं निघाली. नेहमीपेक्षा फार वेळ झाला. वळण आलं असेल, गेलं असेल. आवाज थकत नव्हता. पण तो आता फाळक्याजवळून येत नव्हता. जरा लांबून येत होता... आणि जरा खालून. केबिनमध्ये गुळाचा वास भरला, इतका, की घशाशी गोड गोड चिकटलं.

"येऊ दे... येऊ दे..."

"आरं ए! हुबा ऱ्हा!"

हा आवाज वेगळा होता, डोंगराच्या बाजूचा. आकारामनं ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, खिडकीची काच खाली घेतली. वरच्या उतारावर इरलं पांघरलेली एक म्हातारी म्हशीला घेऊन उभी होती. ती शालूबाई, वरच्या धनगरवाड्यावरची. रोज त्याच वाटेनं ती जनावर उतरवायची.

"कुठं निघालास रं मागं मागं? चाकाखालची माती ढासळालीया!"

"दिसंना झालंय, मावशी..."

"मग तुज्या माणसाला सांगता येत न्हाई व्हय, थांब म्हणून? नुसता हुबा हाय मागं."

आकाराम खिडकीतून बाहेर वाकला. "माजा माणूस न्हाई, मावशी. मी एकलाच हाय."

"मग त्यो कोण? खोळ घेतलेला?" म्हातारीनं धुक्यात डोळे बारीक केले. एक पाऊल पुढं आली आणि तिथंच थबकली.

"मावशी...?"

"आरं..." तिचा आवाज एकदम खाली आला. "त्यो हुबा हाय तितं... रस्ताच न्हाई रं..."

म्हशीच्या पाठीवर तिची काठी बसली आणि दोघीही वरच्या झाडीत घाईघाईनं दिसेनाशा झाल्या. आकारामनं दोनदा हाक मारली. उत्तर आलं नाही. इंजिन धडधडत होतं. पायाखाली गाडी किंचित, अगदी किंचित, मागं कलत होती.

पुढचा गिअर टाकायचं त्याला सुचलं नाही असं नव्हे. खरं सांगायचं तर त्याला वाटलं, जाऊ दे. आणखी एकदा 'येऊ दे' म्हणू दे, ब्रेक सोडून देऊ, आणि सगळंच संपू दे. हँडब्रेकवर त्याचा हात बराच वेळ होता. मग त्याला क्रांतीचं ते बोलणं आठवलं आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्याला रडू फुटलं. खिडकीतून धुक्याकडं बघत तो म्हणाला,

"गुंडूदादा... 'बास' म्हणालास ते मी ऐकलंतं. ऐकून बी थांबलो न्हाई. चौकीत खोटं बोललो. उद्या तुज्या घरला जातो... समदं सांगतो. मला सोड..."

पाण्याचा आवाजही थांबल्यासारखा झाला. मग मागून नव्हे, खिडकीच्या अगदी बाहेर, कानाला वाफ लागेल इतक्या जवळून आवाज आला.

"बास."

त्यानं गाडी पहिल्यात टाकून पुढं ओढली. झाडापर्यंत आल्यावर उतरून चालत मागं गेला. मागच्या जोडचाकांपैकी बाहेरच्या चाकाचा माग कडेपर्यंत होता. त्यापुढं बरंच अंतर तो नव्हताच. तेवढा वेळ ते चाक हवेत फिरलं होतं.

झाड पडल्याचं कळून तासाभरानं खालच्या गावातली माणसं कुऱ्हाडी घेऊन आली, झाड तोडलं, माल उतरला. रात्री घरी पोचल्यावर आकारामनं क्रांतीला सांगितलं, "उद्या जातो." तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. त्या रात्री त्याला झोप लागली.

सकाळी तो पायीच गेला. गुळाच्या गोदामातल्या हमालांच्या मुकादमाला विचारून त्यानं गल्ली शोधली. गुंडूची बायको बयाबाई एका खोलीच्या घरात उंबऱ्याच्या आत तांदूळ निवडत बसली होती. आकारामनं नाव सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि त्याला आत बसायला सांगितलं. त्यानं जमिनीकडं बघत एका दमात सगळं सांगून टाकलं. हमालांचं हसणं, तो क्षण, चौकी, कालचा घाट. "पोलिसात बी सांगतो, वैनी. तुमी म्हणशीला ती शिक्षा. गुंडूदादा 'बास' म्हणालं, आन् मी..."

"कोण म्हणालं?"

"गुंडूदादा."

बयाबाई रडली नाही, चिडली नाही. 

"आमचं मालक जल्माचं मुकं हुतं, पावणं. कान चांगलं हुतं. पर तोंडातनं शबूद न्हाई. गाडी लावताना हात करायचं, न्हाईतर फळीवर थापा मारायचं. तेवढंच."

आकारामला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. बाहेर गल्लीत कुणी तरी बादली आपटली.

"हवालदाराला म्हाईत हुतं की," ती म्हणाली. "मुक्या माणसाचं ऐकू येणार कसं, म्हणूनच तर मिटलं. तितं दुसरं कोण हुतं त्या दिशी?"

"कुणी न्हवतं. समदी चहाला गेलती."

"मग काल घाटात कबूल कुणाफुडं केलासा?"

 चार महिने त्यानं उराशी जपलेलं पाप कुणाच्या तरी पुढं ठेवलं होतं. ते कुणी तरी ऐकून घेतलं होतं, 'बास' म्हटलं होतं आणि त्या एका शब्दावर तो रात्रभर शांत झोपला होता. ज्यानं माफ करायचं, तो तर मुकाच गेला होता.

बयाबाई जरा पुढं झुकली. 

"आवाज कसा हुता? बापय माणसाचा... का बाईचा?"

आकारामनं तोंड उघडलं. किती तरी वेळा त्यानं तो ऐकला होता. काल तर कानाशी. पण तो बापयाचा होता की बाईचा, हे त्याला काही केल्या आठवेना.

बयाबाईनं त्याच्या उत्तराची वाट बघितली नाही. ती त्याच्या खांद्यावरून, त्याच्या मागं गल्लीत खोळ घेऊन उभ्या असलेल्या कुणाकडं तरी, बराच वेळ बघत होती. मग ती उठली, उंबऱ्यापाशी गेली आणि आवाज होणार नाही अशा बेतानं तिनं दार लोटून आतून कडी घातली.