अस्वलाच्या मानेवरची पट्टी

"हॅलो... अहो, तुमचं अस्वल सापडलंय."

शिवणयंत्रावरचा तिचा पाय थांबला. नंबर अनोळखी, आवाज पुरुषाचा आणि पोत्यातून आल्यासारखा.

"काय?"

"अस्वल. म्हणजे मीच. माझ्या मानेवर आतून पट्टी शिवलीये – 'मी वाट चुकलो तर कृपया इथे फोन करा.' खाली तुमचा नंबर. मानेची चेन अडकलीये, तिच्या फटीतून इथल्या नर्सताईंनी वाचून दाखवलं. म्हटलं, लिहिलंय तर करावा."

पलीकडचं हसू हळूहळू विरलं.

"...चुकलं का काही माझं?"

चुकलं होतं तिचंच. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना दिवसभर सांभाळणारं एक केंद्र होतं. तिथली मंडळी वर्षातून एकदा सोंगं घेऊन चौकात मदत गोळा करत. यंदाचे पोशाख तिने शिवून दिले होते. बाबांनाही तोच आजार; त्यांच्यासाठी तिने अशा पट्ट्यांचं अख्खं रीळ छापून घेतलं होतं. शर्ट, स्वेटर, कोट, जे हाताखाली येईल त्याच्या मानेवर पट्टी. बाबा जाऊन आठ महिने झाले, पण हातांना कोण सांगणार? अस्वल शिवून झालं आणि हात आपलं नेहमीचं काम करून मोकळे झाले.

बाबा होते तेव्हा असे फोन सारखे यायचे. कधी फळवाल्याचा, कधी बस कंडक्टरचा. "त्यांना हलू देऊ नका, आलेच," म्हणत ती धावत सुटायची. शेवटच्या खेपेला मात्र, भर रस्त्यात, बाबांचं मनगट धरून ती ओरडली होती – "पुन्हा?"

बाबांनी मान खाली घातली. त्यानंतर ते घराबाहेर पडलेच नाहीत. तो एक शब्द तिला परत घ्यायचा होता, आणि घ्यायचा तर कोणाकडून?

"चौकातच आहात ना?" ती म्हणाली. "ती पट्टी काढायचीये. हलू नका. आलेच."

फोन ठेवल्यावर आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं.

चौकात नर्सताई गाजर झाल्या होत्या, स्वयंपाकी राजा झाला होता. बाकावर मांडीत मदतीचा डबा घेऊन अस्वल बसलं होतं. तिला पाहून ते अदबीने उठलं.

"ओळखलंत मला?"

"चौकात दुसरं अस्वल नाहीये."

"तेवढंच नशीब. आधी ही चेन बघा. तासभर अडकलीये. चहा तर नुसता नाकासमोरून गेला हो!"

तिने पिशवीतून मेणाचा तुकडा काढून चेनीवर घासला. चेन कुरकुरली, सरकली. अस्वलाचं डोकं निघालं. आत घामाने चिकटलेले केस, लाल झालेले कान... आणि कान-डोळे मिळून केलेलं एक मोठं हसू.

"केंद्राची गाडी मी चालवतो," तो म्हणाला. "सकाळी आजी-आजोबांना आणायचं, संध्याकाळी घरी पोचवायचं. दुसऱ्यांची घरं पाठ आहेत आपल्याला."

"वळा."

तो पाठमोरा झाला. छोट्या कात्रीचं टोक तिने पहिल्या टाक्याखाली घातलं, आणि ते तिथेच राहिलं.

"कोणासाठी होती?" त्याने मान न वळवता विचारलं.

"बाबांसाठी." मग, अस्वलाच्या पाठीला सांगणं सोपं असतं म्हणून की काय, ती सांगून गेली, "मी त्यांच्यावर ओरडले होते. सगळ्यांसमोर. नंतर ते बाहेरच पडले नाहीत."

तिने पहिला टाका कापला.

"ते माझ्याचमुळे, की आजारामुळे –"

"ते मला नाही सांगता यायचं," तो सावकाश म्हणाला. "पण रोज संध्याकाळी दारात उभी असलेली माणसं मी बघतो. ओरडतात. आणि ओरडता ओरडता वाकून आजोबांच्या बुटाचे बंद सोडत असतात. धावत आलेलं माणूस मला लांबून ओळखू येतं. तुम्ही आज धावत आलात."

"कशावरून?"

"चपला बघा."

तिने पाहिलं. एक काळी, एक तपकिरी. तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. तो पाठमोराच राहिला, ती "झालं" म्हणेपर्यंत.

टाके निघाले. पट्टी तिच्या तळहातावर आली.

"अस्वल केंद्राला परत द्यायचंय," तो तिच्याकडे वळून, पण डब्याकडे बघत म्हणाला. "पण माझे शर्ट माझेच आहेत... म्हणजे, चुकून कधी वाट चुकलो तर –"

"घरं पाठ आहेत म्हणालात ना?"

"दुसऱ्यांची."

तिने पट्टी पर्समध्ये नीट घडी करून ठेवली.

दोन दिवसांनी त्याने तिच्या शिवणाच्या दुकानात एक निळा शर्ट टाकला. बटण तुटलंय म्हणे. तुटलं कसलं, ओढून काढलेलं दिसत होतं. तिने नवं बटण लावलं, शर्टाची घडी घातली, पुन्हा उलगडली. बराच वेळ तिने पट्टीकडे पाहिलं, मग सुईत दोरा ओवला. शर्ट नेताना तो पायरीवर कॉलर चाचपत क्षणभर थांबला.

रविवारी सकाळी फोन वाजला.

"हॅलो... मी वाट चुकलोय."

"पुन्हा?"

शब्द तोंडून निघून गेला होता. ती श्वास रोखून उभी राहिली. पलीकडे तो हसत होता, अगदी मोकळेपणी.

"पुन्हा," तो म्हणाला. "काय करू?"

तिने पायात चपला सरकवल्या. कुठल्या, ते पाहिलंही नाही.

"हलू नका," ती म्हणाली. "आलेच."